कडू बदामाचा वास

वाचकहो, या दिवाळीत फराळाचे ताट समोर आले की त्यातला एक बदाम उचला आणि तोंडात टाकण्याआधी नाकाशी धरा. काय वास येतो? थोडा सुक्या लाकडाचा, थोडा सालीचा, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. आता डोळे मिटून ‘बदामाचा वास’ आठवा. केकमध्ये घालायच्या बदाम इसेन्सचा, मॅकरूनचा किंवा गोव्याच्या मर्झिपानचा तो गोड, किंचित कडसर वास आठवेल. गंमत म्हणजे गोव्याचे मर्झिपान बहुतेक काजूचे असते. त्याला बदाम म्हणावे असे काही असेल तर तो इसेन्सचा थेंब.

म्हणजे आपण ज्याला बदामाचा वास म्हणतो, तो आपण खातो त्या गोड बदामाला नसतोच. तो कडू बदामाचा वास आहे. मी अनेक वर्षे सांगलीकडच्या एका महाविद्यालयात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवले. प्रात्यक्षिकाला बेंझाल्डिहाइडची बाटली आली की मुले वहीत लिहीत, ‘कडू बदामासारखा वास’. त्यांतल्या एकानेही कडू बदाम पाहिला नव्हता आणि खरे सांगायचे तर त्यांच्या बाईंनीही नव्हता. पुस्तकात लिहिले होते म्हणून आम्ही सगळे लिहीत होतो. आमचा बदाम त्या तपकिरी बाटलीत राहत असे.

हा वास पुन्हा माझ्याकडे आला तो निवृत्तीनंतर, अल बर्शात मुलाकडे राहायला आल्यावर. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत नातीने एक लाल, गोलसर बाटली हातात ठेवली. डिओरचे ‘हिप्नॉटिक पॉयझन’. नाव वाचून मी म्हटले, “अगं, आजीला पाडव्याला विष देतेस?” ती म्हणाली, “आजी, वास तर घे. तुझ्या लॅबचा आहे.” मी मनगटावर फवारा मारला आणि खरोखर तपकिरी बाटलीचे बूच उघडल्यासारखे झाले. मागून व्हॅनिला आला आणि त्याच्याही मागे मोगरा.

डिओरचे मूळ ‘पॉयझन’ 1985 चे. हे लाल भावंड 1998 मध्ये आले आणि ते घडवले आनिक मेनार्दो या बाईंनी. एरवी सुवासात गुलाब, चंदन, मोगरा शोधायची आपल्याला सवय. कडू बदाम पुढे ठेवणारे सुवास थोडे, आणि ज्याला त्याला रुचतील असे नाहीत. आपल्या मंडळाच्या तालमीला मी ते लावून गेले, तर एकीने विचारले, “काकू, केक आणलात का?” दुसरीला बूट पॉलिश आठवले. ती चुकली नव्हती. नायट्रोबेंझीन नावाच्या द्रवालाही असाच वास असतो. 1834 मध्ये मित्शरलिख यांनी तो तयार केला आणि पुढे ‘मिरबेन तेल’ या नावाने स्वस्त साबणांत आणि पॉलिशमध्ये तो वापरला गेला. तो विषारी आहे हे कळल्यावर सुवासाच्या धंद्यातून गेला. नाक मात्र असल्या ओळखी सहज विसरत नाही.

तुमच्यापैकी काहींच्या मनात एव्हाना शंका आली असेल. रहस्यकथांत मृताच्या ओठांना कडू बदामाचा वास येतो आणि इन्स्पेक्टर ‘सायनाइड!’ म्हणतो. मग हे अंगाला लावायचे कसे? म्हणून थोडे रसायनशास्त्र सांगते. वर्ग सुटल्यासारखे उठून जाऊ नका.

कडू बदामात अमिग्डॅलिन नावाचा पदार्थ असतो. 1830 मध्ये रोबिके आणि बुत्रों-शार्लार या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी तो वेगळा काढला. बी सुकी, अखंड आहे तोवर त्याला वास नाही. ती वाटली आणि पाणी लागले की बीमधलीच विकरे अमिग्डॅलिन फोडतात आणि तीन गोष्टी निघतात: साखर, बेंझाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड. वास बेंझाल्डिहाइडचा आणि मारक शक्ती सायनाइडची. दोघे एकाच दारातून बाहेर पडतात म्हणून एकाच्या वासाने दुसऱ्याची बदनामी झाली. व्होलर आणि लीबिग या दोघा मित्रांनी 1832 मध्ये याच तेलावर काम केले आणि अणूंचा एक गट अनेक क्रियांतून न फुटता जसाच्या तसा जातो, हे दाखवले. आधुनिक सेंद्रिय रसायनाची एक वीट कडू बदामाच्या तेलावर रचली आहे, असे मी वर्गात सांगत असे.

अत्तरात वापरतात ते बेंझाल्डिहाइड बहुतेक टोल्युइनपासून कारखान्यात बनवलेले असते. त्यात सायनाइडचा संबंध नाही. नैसर्गिक तेल वापरले तरी त्यातले सायनाइड आधी काढून टाकतात. ते तेलही पुष्कळदा बदामाचे नसून जर्दाळूच्या बियांचे असते. लहानपणी जर्दाळूची बी फोडून आतला गर खाण्यासाठी आपण भांडलो आहोत. गर गोड असेल तर ठीक. कडू निघाला तर थुंकून टाका आणि नातवंडांनाही तेच शिकवा. कडू म्हणजे अमिग्डॅलिन आहे, ही बीने दिलेली सूचना आहे.

बेंझाल्डिहाइडची एक खोड आहे. ते लवकर उडून जाते आणि हवा लागली की त्याचे बेंझोइक आम्ल होते. प्रयोगशाळेत जुन्या बाटलीच्या तोंडाशी पांढरे खडे जमायचे, ते हेच. म्हणून सुवास घडवणारे त्याला सोबती देतात. टोंका बीमधले कुमारिन, जे पर्किन यांनी 1868 मध्ये प्रयोगशाळेत बनवले. व्हॅनिलिन, जे टीमान आणि हारमान यांनी 1874 मध्ये बनवले. आणि तिसरे हेलिओट्रॉपिन. ते 1869 मध्ये पहिल्यांदा हाती आले ते काळ्या मिरीतल्या पायपरीनपासून निघणाऱ्या आम्लातून. पॅरिसच्या गेर्लेन घराण्याचे 1912 चे ‘लर ब्ल’ हे हेलिओट्रॉपिनच्या मऊ, पावडरीसारख्या बदामी वासावर उभे आहे. आपल्या मिरीचा माग पॅरिसच्या सुवासापर्यंत असा पोहोचतो. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर टॉम फोर्डचे 2018 चे ‘लॉस्ट चेरी’. चेरी आणि कडू बदाम हे एकाच कुळातले, म्हणून वासही सख्खे.

हा वास आपल्या इथल्या अरबी शेजाऱ्यांना नवा नाही. सणाच्या मामूल बिस्किटांत महलब घालतात. महलब म्हणजे एका रानचेरीच्या बियांचा गर. एखाद्या मसाल्याच्या दुकानात चिमूटभर मागून वास घ्या, तुम्हाला लगेच ओळख पटेल. आखातातल्या बायका पिढ्यान् पिढ्या केसांना आणि अंगाला लावायच्या सुगंधांतही महलब वापरत आल्या आहेत. इथली सुवासाची बाजारपेठही आपल्याला परकी नाही. अजमल या घराण्याचे हाजी अजमल अली आसामातल्या होजाईचे. त्यांनी अगरूचा व्यापार 1951 मध्ये मुंबईत मांडला आणि मग ते घराणे दुबईत आले. 1979 मध्ये दुबईत ‘रसासी’ सुरू केले ते अब्दुल रझाक काळसेकर यांनी. आडनाव वाचताच कोकण आठवले ना? नवीन पनवेलला याच नावाचे तंत्रनिकेतन आहे. देइऱ्याच्या परफ्यूम सूकमधून फिरताना हे आठवत असू द्या.

आता मुद्द्याची गोष्ट. ती सांगायला मला थोडा वेळ लागला, कारण तिच्यात माझी चूक आहे.

आमच्या पिढीत सुवासाचा संबंध हळदीकुंकवाशी. हातावर अत्तराचा फाया, वर गुलाबदाणीतले गुलाबपाणी. आमचे हे गेले आणि पुढच्या संक्रांतीला अत्तरदाणी माझ्या शेजारच्या बाईंच्या हाताला लागून मला ओलांडून पुढच्या हाताकडे गेली. कुणी वाईट बोलले नाही. अत्तर लावणारी मुलगी माझीच विद्यार्थिनी होती, तिने खाली पाहिले. मीही हात पदराखाली घेतला. त्यानंतर बारा वर्षे मी काही लावले नाही. कुणी मनाई केली नव्हती, मीच पाळत राहिले. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवांचे कुंकू पुसण्याच्या, बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे आवाहन केले. ते वाचून मी मनात टाळ्या वाजवल्या आणि अंगाला तरीही काही लावले नाही. सवय ठरावाने जात नाही. ती गेली नातीच्या लाल बाटलीने.

बारा वर्षांची कसर भरून काढावी तशी मी ते रोज लावू लागले. एक फवारा, मग दोन. थोड्या वेळाने वास येत नाही असे वाटायचे, म्हणून आणखी दोन. पदरावर एक, केसांवर एक. एका संध्याकाळी दिवाळी पहाटच्या तालमीला आम्ही चौघी एका गाडीतून निघालो. बाहेर उकाडा, काचा बंद, एसी चालू. मैत्रिणीला दमा आहे हे मला माहीत होते. शेख झायेद रोडला लागण्याआधीच तिचा श्वास अडकायला लागला. गाडी कडेला घेतली, काचा खाली केल्या, तिने पंप घेतला, दहा मिनिटांनी ती बोलू शकली. पहिले वाक्य म्हणाली, “वहिनी, तुम्हाला खरंच वास येत नाही का हो?”

मला राग आला. या वयात एक सुवास लावला तर तोही लोकांना खुपतो, असे वाटले. तालमीत मी तिच्याशी बोलले नाही. पण वाक्य डोक्यात राहिले. दोन दिवसांनी दूध करपले. सून दुसऱ्या खोलीतून धावत आली आणि मी ओट्याशी उभी होते. मला वास आला नव्हता. तेव्हा समजले की मैत्रिणीने टोमणा मारला नव्हता. तिने विचारलेला प्रश्न खरा होता आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे होते.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तपासले. नाकात अडथळा काही नव्हता. वय, आणि 2021 मध्ये झालेला कोविड, ही दोन कारणे त्यांनी सांगितली. घरी येऊन मी वाचू लागले, ती तर जन्माची खोड.

आपल्या नाकात वास ओळखणारी सुमारे 400 प्रकारची ग्रहणस्थाने आहेत. ती कशी काम करतात याच्या शोधासाठी लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांना 2004 चे नोबेल मिळाले. ही यंत्रणा वयाबरोबर थकते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या रिचर्ड डोटी यांच्या गटाने 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 65 ते 80 वयाच्या निम्म्याहून अधिक लोकांची वासशक्ती लक्षणीय घटलेली आढळली. चष्म्याचा नंबर वाढला की कळतो, कानाला कमी येऊ लागले की घरचे ओरडतात. नाक मात्र गुपचूप जाते. पुष्कळांना ते गेल्याचे कळतही नाही, फक्त आमटी बेचव लागते आणि दोष सुनेला मिळतो. क्वचित हे कंपवातासारख्या आजाराचे फार आधीचे लक्षण असते, म्हणून डॉक्टरांच्या कानावर घालावे.

यात भीती आहे ती गॅसची. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन नावाचा दुर्गंधी पदार्थ मुद्दाम मिसळतात. ही सारी सुरक्षा आपल्या नाकावर भिस्त ठेवून आहे. मुलगा-सून कामाला, नातवंडे शाळेत आणि घरी एकटी आजी, ज्या आजीला करपलेले दूध कळत नाही! इथे आपल्यापैकी कितीजणांचे आईवडील सहा-सहा महिने येऊन राहतात. म्हणून हा लेख त्यांच्या नाकासाठी लिहिते आहे.

तपासायला काही खर्च नाही. आईला डोळे मिटायला सांगा. लवंग, लिंबाची साल, गुलाबपाणी, निलगिरीचे तेल, एकेक नाकाखाली धरा, एका वेळी एकच नाकपुडी. ओळखता आले तर उत्तम. दोन-तीन चुकले तर डॉक्टरांकडे न्या आणि स्वयंपाकघरात गॅसची सूचना देणारे यंत्र बसवून घ्या. आमच्याकडे आता ते आहे.

याच चार वासांनी नाकाला व्यायामही देता येतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये ही रीत मांडली: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ एकेकाचा वास घ्यायचा, लक्ष देऊन, निदान बारा आठवडे. सगळ्यांचे नाक परत येत नाही, पण अनेकांना फायदा होतो. मी आठ महिने करते आहे. देवपूजेनंतर चार छोट्या बाटल्या उघडते. ‘बाटलीला नाक लावू नका, हाताने वास आपल्याकडे ओढा’, असे मुलांना ओरडून सांगायचे, तसेच स्वतःला सांगते. लवंग तिसऱ्या महिन्यात आली. गुलाब आता धुकट येतो. कडू बदाम कधी येतो, कधी नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी बरे वाटते.

लाल बाटली मी टाकली नाही. वापरायची रीत बदलली. तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सांगते. नाक कुठल्याही सततच्या वासाला थोड्या मिनिटांत सरावते आणि सांगायचे बंद करते. म्हणून ‘वास गेला’ असे वाटले तरी पुन्हा लावू नका, शेजारच्याला विचारा. घरातून एक फवारा, अंगावर, तोही निघण्याच्या अर्धा तास आधी. बंद गाडीत आणि लिफ्टमध्ये आपला वास दुसऱ्याला टाळता येत नाही, हे लक्षात ठेवा. पैठणीवर किंवा जरीवर फवारू नका, रेशमावर डाग पडतात. बाटली इथल्या उन्हात गाडीत ठेवू नका, न्हाणीघरातही नको, कपाटातल्या अंधारात ठेवा. दुकानात तीनपेक्षा जास्त वास एका वेळी घेऊ नका आणि कागदाच्या पट्टीवर निर्णय करू नका. मनगटावर लावून एमिरेट्स मॉलमध्ये तासभर हिंडा, मग ठरवा. कुमारिनची काहींना त्वचेवर ऍलर्जी येते, ते नाव खोक्यावर लिहिलेले असते. बदामाची ऍलर्जी असणाऱ्यांनी बदाम तेल घातलेली लोशने वाचून घ्यावीत. कारखान्यातल्या बेंझाल्डिहाइडमध्ये मात्र बदामाचा अंश नसतो.

मैत्रिणीकडे मी तालमीनंतर नवव्या दिवशी गेले. क्षमा मागायला जाताना काही लावले नव्हते. तिने दार उघडले आणि म्हणाली, “आज विष नाही?” मग दोघी हसलो. आता बाहेर पडताना मी तिला फोन करते, गाडी तुझी की माझी. तिच्या गाडीत मी बिनवासाची जाते. माझ्या एका फवाऱ्याचा ताळा नात बघते. ती या अंकाची इंग्रजी पाने आधी वाचते, म्हणून तिचे कौतुक इथे मराठीत उरकून घेते.

गेल्या जानेवारीत इथल्या हळदीकुंकवाला मी कोपऱ्यातली खुर्ची धरून बसले होते. अत्तर लावणारी मुलगी रांगेने आली. सवयीने माझा हात पदराखाली गेला. ती थांबली, हात पुढे करून वाट पाहत राहिली आणि मी हात काढेपर्यंत हलली नाही. तिने मनगटाच्या मागे फाया टेकवला आणि सहज विचारले, “काकू, वास येतोय ना?”

मोगऱ्याचे अत्तर होते. मला अर्धेच आले. पण वाचकहो, तिने नकळत एका फायात दोन्ही कामे केली होती. म्हणून या दिवाळीला तुमच्याकडे एवढेच मागणे. अभ्यंगस्नान झाले, उटण्याचा कचोरा आणि वाळा अंगाला लागला, फराळ मांडला, की अत्तराची कुपी काढा आणि घरातल्या प्रत्येक हाताला लावा. कुठलाही हात ओलांडू नका. आणि लावताना प्रत्येकाला विचारा, “वास येतोय ना?” उत्तर ‘नाही’ आले तर आमटीला नावे ठेवण्याआधी लवंगेची बाटली काढा.

दिवाळीच्या तुम्हा सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा.